डॉ. हैदर अब्देल शफी : एक स्वतंत्र बाणा

राज्यशास्त्राचा अभ्यास करताना निवडणूक म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे प्रथम पक्ष येतात. पॅलेस्टाईनच्या इतिहासात मात्र मला अधिक मोलाचा वाटला तो फतह आणि हमास या दोहोंपासून दूर राहिलेला एक डॉक्टर.

हैदर अब्देल शफी यांचा जन्म १९१९ साली गाझा येथे झाला. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन ते रुग्णसेवेसाठी मायदेशी परतले. १९७२ मध्ये त्यांनी गाझात रेड क्रेसेंट संस्था स्थापन केली. १९९१ च्या माद्रिद परिषदेत पॅलेस्टिनी शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनीच केले. परंतु १९९३ च्या ऑस्लो करारात इस्रायली वसाहतींचा प्रश्न लोंबकळत राहिला, म्हणून त्यांनी त्यास विरोध केला.

जानेवारी १९९६ मध्ये ८८ जागांच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. हमासने बहिष्कार टाकला; यासर अराफत यांच्या फतहला बहुमत मिळाले. तरीही गाझाच्या जनतेने या डॉक्टरांना भरघोस मतांनी निवडून दिले. पुढे सत्ताधारी विधिमंडळाला जुमानत नाहीत असे दिसताच त्यांनी आपली जागा सोडली.

२००६ च्या निवडणुकीत १३२ पैकी हमासला ७४, तर फतहला ४५ जागा मिळाल्या. जून २००७ मध्ये हेच दोन गट गाझात एकमेकांवर शस्त्रे घेऊन तुटून पडले. ऐक्यासाठी झटलेल्या या वृद्धास तेही पाहावे लागले. त्याच सप्टेंबरात, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मतपेटीतून सत्ता मिळते. प्रतिपक्षाला मानण्याची वृत्ती मात्र माणसांनाच जोपासावी लागते, हे मला त्यांच्या चरित्राने शिकवले.