परळच्या काचपात्रांतल्या पेशी

मुलगी हुशार आहे, तिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या दिनकर समर्थांना वाटत होते. कमलने यातले काहीच ऐकले नाही. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेली ही मुलगी हुजूरपागेत शिकली, फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राकडे वळली आणि पुण्याच्याच कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये एम.एस्सी. झाली. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातली गुणसूत्रे. पेशीच्या आत डोकावण्याचा नाद तिथे लागला तो कायमचा. लग्न १९३९ मध्येच झाले होते, तेही डॉक्टरशी नाही तर गणिती जे. टी. रणदिवे यांच्याशी. शिक्षण पुढे चालू राहिले त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

संसार मुंबईत होता. परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते आणि तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर सांभाळत होते. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस कमल रणदिवे यांना मार्गदर्शक म्हणून लाभला. त्यांच्या हाताखाली त्यांनी उंदरांवर काम केले. काही वंशांच्या उंदरांना स्तनाचा कर्करोग सहज होतो, काहींना होत नाही. असे का, हा साधा दिसणारा प्रश्न त्यांनी धरला. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांची गुंतागुंत त्यातून उलगडत गेली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली.

त्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. ‘हेला’ नावाने जगभर पोचलेल्या, हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून १९५१ मध्ये वाढवलेल्या मानवी पेशी याच प्रयोगशाळेतल्या. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवणे हे तेव्हा शास्त्राइतकेच हातोटीचे काम होते. शरीराइतकी ऊब हवी, नेमके पोषक द्रव्य हवे आणि बुरशीचा एक बीजाणू शिरला की साऱ्या मेहनतीवर पाणी. ही हातोटी घेऊन त्या परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

याचा रुग्णाशी संबंध काय? केमोथेरपीचे औषध माणसाला देण्याआधी ते काचपात्रातल्या पेशींवर आणि मग उंदरांवर पारखले जाते. मुख्य अडचण अशी, की भराभर विभागणाऱ्या पेशी मारणारे औषध कर्करोगाबरोबर अस्थिमज्जेलाही मारते. मज्जा गेली की रक्त बनणे थांबते, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव जिवावर बेततात. म्हणून डोसला मर्यादा. टोरांटोच्या टिल आणि मॅकुलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवर दाखवले, की मज्जेतल्या मोजक्या मूळ पेशींपासून रक्तपेशी पुन्हा वाढू शकतात. मग रुग्णाच्याच मूळ पेशी आधी काढून गोठवायच्या, औषधाचा जबर मारा करायचा आणि त्या पेशी परत शिरेतून सोडायच्या, ही उपचाराची रीत आली. मायलोमात आणि काही लिम्फोमांत ती आजही उपयोगी पडते.

फुप्फुसाच्या कर्करोगात मात्र गणित जमले नाही. झपाट्याने पसरणारा ‘स्मॉल सेल’ प्रकार केमोला सुरुवातीला चांगली दाद देतो, त्यामुळे आशा मोठी होती. पण तुलनात्मक चाचण्यांत नेहमीच्या उपचारापेक्षा रुग्णांचे आयुष्य वाढलेले दिसले नाही. मज्जा वाचवता आली, तरी चिवट कर्करोगपेशी वाढीव डोसलाही पुरून उरतात. आंजर्ल्याहून पेशंटला घेऊन मुंबई गाठणाऱ्या घराने ‘स्टेम सेल’ या शब्दाच्या भरवशावर पोफळीची वाडी विकायला काढण्याआधी एवढे विचारावे, की हे कोणत्या कर्करोगासाठी आणि कोणत्या चाचणीच्या आधारावर? प्रश्न विचारला म्हणून कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

रणदिवे यांनी स्वतः मूळ पेशींचे उपचार केले नाहीत. त्यांनी घडवली ती पेशी वाढवू जाणणारी माणसे. उंदीर, विषाणू, रक्ताचा कर्करोग, कुष्ठरोगाच्या जंतूंवरचे काम अशा विषयांवर दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाचा कार्यभार सांभाळला. टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले मज्जारोपण केले. त्या केंद्राचेच पुढचे रूप असलेल्या खारघरच्या संस्थेत आज टाटाचा मज्जारोपण विभाग आहे.

प्रयोगशाळेतल्या मुली लग्नानंतर गळतात, हे त्यांना खटकत असे. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. या संघटनेने पुढे वाशीला नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघरही चालवले. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर बाई अकोले तालुक्यातल्या राजूरला जाऊ लागल्या, आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करायला. सूक्ष्मदर्शक मागे राहिला होता आणि समोर कुपोषित पोरे होती. कामाची शिस्त मात्र तीच होती. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.