व्हिक्टर गोल्डश्मिट : दगड वाचणारे प्राध्यापक

गालील समुद्राच्या वरच्या अंगाला कोराझिन नावाचे जुने गाव आहे. तिथल्या प्राचीन सिनेगॉगचे अवशेष काळ्या दगडाचे आहेत. ज्यांचे लहानपण कोकणात गेले त्या ज्येष्ठ मंडळींना हा दगड ओळखायला वेळ लागत नाही. आपले पाटा-वरवंटे आणि जाती याच जातीच्या दगडाची असत. त्याला बेसॉल्ट म्हणतात. पृथ्वीच्या पोटातला वितळलेला रस वर येऊन थिजला की तो होतो. कोकणातला तसा झाला आणि गोलानचाही तसाच. अशा खडकाला अग्निजन्य खडक म्हणतात. यरुशलेमचा पांढरा दगड मात्र समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याचा, म्हणजे गाळाचा.

यापलीकडे तिसरी जात आहे, ती म्हणजे रूपांतरित खडक. हा खडक वितळत नाही, पण उष्णतेने व दाबाने आतून पार बदलतो. कच्ची वीट भट्टीत गेली की माती वितळत नाही, तरी ती माती राहत नाही. आगीजवळची वीट खणखणीत वाजते, कडेची कच्चीच निघते. तसेच हे. कोणता खडक किती तापला, किती दाबला गेला, हे त्यातल्या खनिजांवरून वाचायची रीत ज्यांनी घालून दिली, ते गृहस्थ आपले यहुदी होते. शाळेत इतकी वर्षे शिकवूनही मला त्यांचे नाव फार उशिरा कळले, म्हणून ते मुलांना लवकर कळावे असे वाटते.

व्हिक्टर मॉरिट्झ गोल्डश्मिट यांचा जन्म २७ जानेवारी १८८८ रोजी स्वित्झर्लंडमधील झ्युरिक शहरी झाला. वडील हाइनरिख हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आपले सहकारी व्हिक्टर मायर यांच्यावरून मुलाचे नाव ठेवले. वडिलांच्या नोकरीमागे कुटुंब ॲमस्टरडॅमला, मग हायडेलबर्गला आणि १९०१ साली नॉर्वेच्या राजधानीत आले. तिला तेव्हा क्रिस्तियानिया म्हणत. आजचे ओस्लो ते हेच. घरात धर्माचरण फारसे नव्हते. जेवणाच्या टेबलावर रसायनशास्त्र मात्र रोज असणार, आणि पुढे त्याचाच मोठा उपयोग झाला.

मुलाला दगडांचा नाद लागला. विद्यापीठात ब्रोगर नावाचे नामांकित भूवैज्ञानिक गुरू लाभले. शहराच्या आसपासच्या टेकड्या या अभ्यासासाठी जणू मुद्दाम मांडून ठेवल्यासारख्या होत्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथल्या जुन्या चिखलाच्या आणि चुन्याच्या थरांत खालून तप्त शिलारस घुसला आणि तिथेच थिजला. त्याला लागून असलेले थर भाजून निघाले व त्यांचा कठीण, बारीक कणांचा हॉर्नफेल्स खडक झाला. तरुण गोल्डश्मिट त्याचे तुकडे आणत, घासून घासून मिलिमीटरच्या तीनशतांश जाडीची चकती करत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. इतका पातळ दगड काचेसारखा पारदर्शक होतो.

त्यांच्या लक्षात आले की थरांत चुना व चिकणमाती कमी-जास्त प्रमाणात असली, तरी कोणत्याही एका तुकड्यात मोजकीच खनिजे एकत्र सापडतात. काही जोड्या नेहमी बरोबर, काही कधीच नाहीत. चुना आणि माती यांच्या प्रमाणाप्रमाणे त्यांनी हॉर्नफेल्सचे दहा वर्ग पाडले. असे का होते, याचे उत्तर मात्र वडिलांच्या शास्त्रात होते.

एका पेल्यात पाणी आणि बर्फ घ्या. दोन्ही एकत्र स्थिर राहायला पेल्याचे तापमान नेमके शून्य अंशच हवे. जरा वर गेले की बर्फ संपतो, जरा खाली गेले की पाणी संपते. मग ज्या टेकडीवर जागोजागी उष्णता वेगळी, दाब वेगळा, तिथे असा नेमका योग कुठून जुळणार? म्हणून खडकात जितके मूळ घटक, फार तर तितकीच खनिजे एकत्र नांदू शकतात. अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्ज यांचा हा नियम रसायनशाळेतला होता. गोल्डश्मिट यांनी तो डोंगराला लावला. १९११ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, या प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. चुनखडी आणि गारगोटी एकत्र तापली की वोलॅस्टोनाईट नावाचे खनिज होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. चुन्याच्या भट्टीतूनही हाच वायू निघून जातो. पण जमिनीखाली तो वायू कोंडला, दाब वाढला, तर तेच खनिज व्हायला जास्त उष्णता लागते. किती दाबाला किती उष्णता, याची रेषा त्यांनी गणिताने काढली. म्हणजे आता दगडात वोलॅस्टोनाईट दिसले, किंवा चुनखडी व गारगोटी शेजारी शेजारी तशीच राहिलेली दिसली, तर तो दगड कशातून गेला आहे याचा अंदाज करता येऊ लागला. खोल जमिनीत तापमापक कोण नेऊन ठेवणार? तो दगडातच होता.

पुढे फिनलंडचे पेंटी एस्कोला ओस्लोला त्यांच्याकडे येऊन राहिले. घटक तेच असूनही फिनलंडच्या खडकांत आणि ओस्लोच्या खडकांत खनिजे वेगळी, कारण दाब-उष्णता वेगळी. या तुलनेतून एस्कोलांनी रूपांतरित खडकांची जी वर्गवारी केली ती आजही शिकवली जाते.

गोल्डश्मिट १९१४ सालीच, सव्विसाव्या वर्षी, प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात नॉर्वेला कच्चा माल मिळेना, तेव्हा देशातच काय काय मिळू शकेल हे शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. ऑलिव्हिन या हिरव्या खनिजाच्या खडकापासून भट्ट्यांसाठी उष्णता सोसणाऱ्या विटा करता येतात, हे त्यांनीच पुढे आणले. नंतर क्ष-किरणांनी स्फटिक तपासून कोणत्या मूलद्रव्याचा अणू केवढा आणि तो कोणत्या खनिजात मावतो, हे त्यांनी मांडले. काही मूलद्रव्ये लोखंडाच्या संगतीने जातात, काही गंधकाच्या, काही दगडात राहतात, काही हवेत, ही विभागणी त्यांचीच. त्यांना आधुनिक भूरसायनशास्त्राचे जनक म्हणतात ते यामुळे.

१९२९ साली ते जर्मनीत गटिंगेनला गेले. तिथे मोठी प्रयोगशाळा मिळाली, चांगले विद्यार्थी मिळाले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. दोन वर्षांत गावात यहुद्यांविरुद्धचे वातावरण इतके बिघडले की १९३५ साली राजीनामा देऊन, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन, ते ओस्लोला परत आले. दोन वर्षांनी वडील वारले. व्हिक्टर यांनी लग्न केले नव्हते.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेतही पोचल्या. गोल्डश्मिट खिशात विषाची कुपी बाळगू लागले. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. एका सहकाऱ्याने तशीच कुपी मागितली, तेव्हा ते म्हणाले की विष रसायनाच्या प्राध्यापकांसाठी आहे. यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकाने दोर वापरावा. असा विनोद करायला माणसाला काय वाटत असेल, ते मी मुलांना समजावून सांगू शकत नाही.

ऑक्टोबर १९४२ मध्ये यहुदी पुरुषांची धरपकड झाली. त्यांना बर्ग येथील छावणीत टाकले. आजारी पडल्यामुळे सुटका झाली, पण नोव्हेंबरअखेर पुन्हा पकडले. २६ नोव्हेंबरला ओस्लोच्या धक्क्यावर डोनाऊ नावाचे जहाज उभे होते. पुरुष, बायका, पोरे मिळून ५०० हून अधिक यहुद्यांना त्यात चढवण्यात आले. गोल्डश्मिट त्याच धक्क्यावर उभे होते. ऐनवेळी त्यांना बाजूला काढण्यात आले. त्यांचे ज्ञान सरकारला उपयोगी आहे असे सहकाऱ्यांनी अधिकाऱ्यांना पटवून दिले होते. जहाज सुटले. त्यातली माणसे आउशविट्झला नेली गेली आणि त्यांतली अगदी मोजकी जिवंत परतली.

हा भाग वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावे लागते. एक माणूस वाचला याचा आनंद आहेच. पण तो वाचला तो उपयोगाचा म्हणून. धक्क्यावरचा शिंपी, दुकानदार, सहा महिन्यांचे पोर यांच्यासाठी अर्ज करायला तसे कारण कुणापाशी नव्हते. गोल्डश्मिट यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले होते. शास्त्रज्ञांच्या चरित्रात हा प्रसंग सुटकेची हकिकत म्हणून सांगतात. आपण तो तेवढाच सांगू नये.

डिसेंबरात ते गवताच्या गाडीत लपून सीमा ओलांडून स्वीडनला गेले आणि १९४३ साली विमानाने ब्रिटनला पोचले. स्कॉटलंडमधील ॲबरडीनच्या मृदा संशोधन संस्थेत आणि नंतर इंग्लंडात रॉथमस्टेडला त्यांनी काम केले. शेतातली माती शेवटी दगडाचीच झालेली. कोणते मूलद्रव्य झिजून तिच्यात उतरते आणि कोणते वाहून जाते, हा त्यांचाच विषय होता. छावणीत खालावलेली प्रकृती मात्र सुधारली नाही. तरी भूरसायनावरचा मोठा ग्रंथ त्यांनी लिहायला घेतला. तो पुरा झाला नाही. ॲलेक्स म्यूर यांनी संपादन करून १९५४ साली तो प्रसिद्ध केला.

१९४६ साली ते ओस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, वारले. त्यांचे दहन झाले. आपल्या रिवाजात हे बसत नाही, आणि वर्गातली वडीलधारी मंडळी यावर बोलतील हे मला ठाऊक आहे. त्यांच्या अस्थी ज्या कलशात ठेवल्या तो त्यांच्या आवडत्या हिरव्या ऑलिव्हिन खडकाचा घडवलेला होता. गोलानच्या काळ्या दगडातही त्याच खनिजाचे हिरवट दाणे कधी कधी सापडतात. पुढच्या सहलीला भिंग बरोबर घ्या.