विंचवांचा नाच आणि एक कर्जदार

वॉल्ट डिस्ने म्हटलं की डोळ्यांपुढे मिकी माऊस येतो, हिमगौरी येते. पण वाळवंटातल्या विंचवांकडे पाहून मोठ्या माणसांना खळखळून हसवणारा डिस्नेही तोच. त्याच्या आयुष्यातला हा कोपरा जरा आडबाजूचा. पण माणूस समजून घ्यायचा तर तिथेच डोकावायला हवं.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१चा, शिकागोचा. बालपणाची काही वर्षं मात्र मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन गावी, शेतावर गेली. तिथे त्यानं एकदा झाडावरचं घुबड पकडलं. ते फडफडलं, नख्या मारू लागलं, आणि घाबरलेल्या पोरानं ते जमिनीवर आपटून पायाखाली चिरडलं. मग त्याला पुरलं. ते घुबड पुढे स्वप्नात येत राहिलं. मोठेपणी ही गोष्ट तो स्वतःच सांगत असे.

पुढची कथा कर्जाची आहे. १९२३ साली त्याची कंपनी बुडाली. १९२८ साली मिकीनं हात दिला. १९३७ची ‘स्नो व्हाइट’ पुरी झाली ती बँक ऑफ अमेरिकेच्या कर्जावर. आम्हा बँकवाल्यांच्या नजरेनं पाहिलं तर तारण काय, कागदावरची चित्रं आणि एका माणसाचा हट्ट! ते कर्ज फिटलं. पण महायुद्धानं युरोपची बाजारपेठ बंद झाली, १९४२च्या ‘बँबी’नं सुरुवातीला तोटाच दिला आणि कर्जाचा आकडा चाळीस लाख डॉलरच्या घरात गेला.

कार्टूनपट खर्चिक. मग डिस्नेनं खऱ्या प्राण्यांकडे कॅमेरा वळवला. अलास्कातल्या सीलवरचा ‘सील आयलंड’ १९४८ साली तयार झाला, तर वितरक म्हणाले, सील बघायला पैसे कोण देणार? डिस्नेनं पासादेनातल्या एका चित्रपटगृहात तो स्वतः लावून घेतला. त्याला ऑस्कर मिळालं.

दरम्यान पॉल केनवर्दी नावाच्या विद्यार्थ्यानं कोळी आणि गांधीलमाशीच्या झुंजीचं दहाएक मिनिटांचं चित्रण त्याला दाखवलं. त्यातून १९५३ साली ‘द लिव्हिंग डेझर्ट’ उभा राहिला. वितरक पुन्हा कुरकुरले, तेव्हा डिस्नेनं ब्यूएना व्हिस्टा ही स्वतःची वितरण कंपनीच काढली. कांगारू-उंदीर सापावर वाळू उडवतो, रानडुकरांसारखे पेक्कारी मागे लागल्यावर रानमांजर उंच निवडुंगावर जाऊन बसतं, आणि विंचवांची जोडी लोकनृत्याच्या सुरावर फेर धरते. चित्रफीत पुढे-मागे फिरवून तो नाच जुळवला होता. प्रेक्षक लोटले. खर्चाच्या कितीतरी पट पैसा आला आणि ऑस्करही. न्यूयॉर्कच्या जाणत्या समीक्षकांनी मात्र नाकं मुरडली: हा निसर्ग की सर्कस?

ही कुरकुर नुसत्या जाणतेपणाची नव्हती. १९५८च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी समुद्रात उड्या घेऊन जीव देताना दिसतात. तेही चित्र ऑस्कर घेऊन गेलं. डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजी गेला. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९८२ साली, कॅनडाच्या दूरचित्रवाणीनं उघड केलं की ते प्राणी दुसरीकडून आणून पाण्यात ढकललेले होते. लेमिंग सामूहिक आत्महत्या करत नाहीत. तरी ती समजूत अजून लोकांच्या तोंडी आहे. चित्रपटगृहात जे खरं म्हणून पाहिलं, ते पुसायला फार वर्षं लागतात.

खतावणी मांडायची तर जमेची बाजू लहान नाही. ज्या वाळवंटात काही नाही असं लोक मानत, तिथे किती जीव नांदतात हे त्यानं सामान्य माणसाला तिकीट काढून बघायला लावलं. हसण्यातून आधी जवळीक येते, मग कुतूहल. पण त्याच हशात माणूस शंका घ्यायला विसरतो, ही नावेची बाजू.

आणि गंमत अशी, की विंचवांचा नाच मुळात खराच आहे. मीलनाच्या वेळी नर मादीच्या नांग्या आपल्या नांग्यांत धरतो आणि तिला पुढे-मागे नेत योग्य जागा शोधतो. कधी कधी हे तासन्‌तास चालतं. सारंगी नाही, टाळ्या नाहीत, वर नुसतं चांदणं. घुबडाच्या ओझ्याखाली जन्मभर प्राण्यांना माणसाळवू पाहणाऱ्या त्या कर्जदारानं एवढंच दाखवलं असतं, तरी प्रेक्षक खुर्चीत खिळून बसले असते.