मलिक अंबर : एका परक्याचे दख्खनी होणे

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• मलिक अंबर याच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• मध्ययुगीन दख्खनेतील स्थानिक आणि परके या वादाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• बाहेरून आलेली व्यक्ती एखाद्या प्रदेशाशी कशी एकरूप होते आणि त्या एकरूपतेला कोणत्या मर्यादा पडतात, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

१. प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला भीमा आणि नीरा या नद्यांच्या मध्ये इंदापूरचा मुलूख पसरलेला आहे. त्याच्या पश्चिमेस बारामती आहे. नीरा नरसिंहपूर येथे या दोन्ही नद्यांचा संगम होतो. सतराव्या शतकाच्या आरंभी हा सरहद्दीचा प्रदेश होता. एका बाजूला अहमदनगरची निजामशाही, दुसऱ्या बाजूला विजापूरची आदिलशाही, आणि उत्तरेकडून सरकत येणारी मोगलांची सत्ता. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले हे निजामशाहीचे सरदार. इंदापूरच्या लढाईतच ते पडले. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे हे त्या काळी परगण्याचे ठिकाण होते आणि तो परगणा भोसले घराण्याच्या मोकाशात होता.

या मुलखातील कुणबी सतराव्या शतकात कोणत्या रीतीने सारा भरत होता, असा प्रश्न विचारला, तर उत्तरात आफ्रिकेत जन्मलेल्या एका माणसाचे नाव येते. तो माणूस म्हणजे मलिक अंबर. वंशाने हबशी, धर्माने मुसलमान आणि पूर्वायुष्यात गुलाम असलेल्या या माणसाची पद्धत भीमा-नीरेच्या काठची व्यवस्था कशी झाली, हे समजून घेण्यासाठी त्याचे चरित्र अभ्यासणे आवश्यक आहे.

२. दख्खनेतील स्थानिक आणि परके

कोण आपला आणि कोण परका, हा प्रश्न आजच्या राष्ट्रांपुढेच उभा आहे असे नाही. दख्खनेत तो बहमनी काळापासून तीव्र होता. दरबारातील मुसलमान सरदारांचे दोन पक्ष होते. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ते दख्खनी. इराण, तुराण, अरबस्तान येथून नव्याने आलेले ते अफाकी किंवा गरीब. अरबीत गरीब या शब्दाचा अर्थ परका, परमुलखातून आलेला असा आहे. मराठीत तोच शब्द निर्धन या अर्थाने रूढ झाला. आपल्या परदेशी या शब्दालाही निराधार, पोरका अशी छटा आहे. परका माणूस आणि आधार नसलेला माणूस यांतील अंतर किती थोडे असते, हे या दोन शब्दांवरून ध्यानात येते.

आलेल्यांना दरबारात मोठी पदे मिळत. आपल्या वाट्याचे हे लोक हिरावून घेतात, अशी स्थानिकांची तक्रार असे. त्यात धर्मपंथाचा भेद मिसळे, कारण दख्खनी बहुधा सुन्नी आणि इराणी बहुधा शिया होते. बहमनी राज्याचा कर्तबगार वजीर महमूद गावान हा असाच इराणहून आलेला. विरोधकांच्या कारस्थानामुळे १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. १५८९ मध्ये अहमदनगरात जमालखान या महदवी पंथाच्या सरदाराने सत्ता हाती घेतली, तेव्हा परक्यांची कत्तल झाली. इतिहासकार फेरिश्ता हा त्याच वर्षी अहमदनगर सोडून विजापुरास गेला.

हबशी लोक आफ्रिकेतून आलेले असले, तरी या वादात ते सामान्यतः दख्खनींच्या बाजूने उभे राहत. बहुतेक हबशी गुलाम म्हणून आणले गेले होते. परत जाण्यासाठी त्यांना घर उरलेले नव्हते, आणि मायदेशी नातलगांचे पाठबळही नव्हते. ज्या भूमीवर आणून टाकले, तीच त्यांची भूमी झाली.

३. जन्म, गुलामी आणि मुक्तता

मलिक अंबर याचा जन्म इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये झाला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. लहान वयातच तो गुलामांच्या बाजारात पोहोचला आणि त्याची अनेकदा विक्री झाली. बगदाद येथील एका व्यापाऱ्याने त्याची बुद्धी ओळखून त्याला शिक्षण दिले. इस्लाम धर्म आणि अंबर हे नावही त्याला याच काळात मिळाले.

पुढे तो दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि गुलामीतूनच वर आलेला होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार, हिशेब आणि दरबारी डावपेच शिकला. १५७४-७५ च्या सुमारास चंगीझखानाचा मृत्यू झाला आणि अंबर गुलामीतून मुक्त झाला. काही वर्षे त्याने विजापूरकरांची चाकरी केली. मलिक ही पदवी त्याला तेथेच मिळाली, असे मानतात. पुढे थोडेसे स्वार बरोबर घेऊन तो निजामशाहीत परतला.

४. बुडत्या राज्याचा सूत्रधार

१६०० मध्ये चांदबिबीचा अंत झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य संपले असे वाटत असताना अंबराने राजघराण्यातील एका तरुणाला परांडा येथे मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला देऊन नाते जोडले. पुढची सुमारे पंचवीस वर्षे निजामशाहीची सूत्रे त्याच्याच हाती राहिली. राजधानी परांड्याहून जुन्नरला, तेथून दौलताबादेस हलली. दौलताबादेजवळ खडकी या गावी त्याने १६१० च्या सुमारास नवे शहर वसवले. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. डोंगरातील पाणी भूमिगत नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याचीच योजना. या शहरातील मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्यांची नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी अशा मराठा सरदारांवरून पडली, असे सांगतात. हबशी वजिराने वसवलेल्या शहराच्या पेठा मराठा नावांनी ओळखल्या जाव्यात, ही गोष्ट त्या राज्याची घडण दाखवते.

त्याच्या सैन्याचा मोठा भाग मराठा बारगिरांचा होता. मोगलांच्या अवजड फौजेशी मैदानात झुंजणे परवडणारे नव्हते. म्हणून रसद तोडणे, रात्री छापे घालणे, शत्रूला डोंगराळ मुलखात ओढणे, ही रीत त्याने वापरली. त्यासाठी चपळ घोडी, काटक स्वार आणि वाटा-घाटांची माहिती लागे. ती येथील मराठ्यांकडे होती. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडीची तट्टे अशाच दौडीसाठी प्रसिद्ध होती. अंबराला मराठ्यांची गरज होती आणि मराठा सरदारांना अंबराच्या राज्यात मान, मुलूख व युद्धाचा अनुभव मिळत होता.

५. जमीन महसुलाची व्यवस्था

अंबराचे सर्वांत टिकाऊ कार्य जमीन महसुलाचे होय. त्यापूर्वी अनेक ठिकाणी वसुलीचा मक्ता दिला जाई आणि मक्तेदार रयतेस पिळून काढी. अंबराने मक्तेदारी बंद केली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरवली आणि उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारचा मानला. हा हिस्सा आरंभी धान्यरूपाने सुमारे दोन पंचमांश होता व पुढे रोखीत सुमारे एक तृतीयांशावर आला, असे परंपरेने सांगितले जाते. पाटील-कुलकर्ण्यांची वतने आणि मिरासदारांचे हक्क त्याने कायम ठेवले.

म्हणजे गावाची जुनी रचना त्याने मोडली नाही. ती समजून घेतली आणि तिच्यावर आपली व्यवस्था उभी केली. हीच मलिकंबरी पद्धत म्हणून ओळखली गेली. त्याच्या मृत्यूनंतर युद्धे झाली, १६३० च्या दुष्काळाने गावे ओस पडली. तरीही शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या दादोजी कोंडदेवांनी पुणे, सुपे, बारामती, इंदापूर या भागांत पुन्हा लागवड बसवताना याच पद्धतीचा आधार घेतला, असे इतिहासकार मानतात. अंबराचा धर्म येथील बहुसंख्य रयतेचा नव्हता. तरी त्याचा धारा रयतेला परका वाटला नाही.

६. धर्म, वर्ण आणि अवहेलना

हे चित्र एकरंगी समजणे मात्र चुकीचे ठरेल. अंबराच्या जन्माचा आणि वर्णाचा उल्लेख हिणवण्यासाठी होत राहिला. बादशहा जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्याच्याविषयी तुच्छतेने लिहितो. जहांगिराच्या दरबारातील अबुल हसन या चित्रकाराने सुमारे १६१६ मध्ये रंगवलेल्या एका चित्रात बादशहा अंबराच्या तुटलेल्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. रणात जे साधले नाही, ते चित्रात साधून घेतले गेले.

ही अवहेलना केवळ शत्रूकडूनच झाली नाही. १६१७ मध्ये अंबराला भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याने एक हकीकत नोंदवली आहे. तिच्यानुसार मुर्तझा निजामशाहाच्या इराणी राणीने अंबराच्या मुलीचा गुलामाची पोर म्हणून अपमान केला, आणि अंबराने राजा व राणी दोघांनाही विष देवविले. हकीकतीतील तपशील कितपत खरा, हे बाजूला ठेवले तरी त्यातून दोन गोष्टी उघड होतात. राणीही बाहेरून आलेली आणि अंबरही. तरीही एका परक्याने दुसऱ्याला त्याचे मूळ ऐकवले. आणि राज्याचा आधारस्तंभ झालेला हा पुरुष सत्तेच्या बाबतीत निर्दय होऊ शकत होता.

याच्या दुसऱ्या बाजूस वेगळे उदाहरण आहे. मालोजींनी नगरच्या शाहशरीफ पिराच्या कृपेने झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी बखरींची परंपरा सांगते. भोसले आपल्या कुलधर्मात राहिले, अंबर आपल्या धर्मात राहिला; एकत्र राहण्यासाठी कोणी कोणाला धर्म सोडण्याची अट घातली नाही.

७. भातवडी आणि अखेर

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांशी अंबराची गाठ पडली. त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली, रात्रीचे छापे घालून तिला हैराण केले आणि मोठा विजय मिळवला. शहाजीराजांचे नाव या लढाईने पुढे आले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले. परंतु त्यानंतर लवकरच शहाजीराजे निजामशाही सोडून विजापुरास गेले. त्यांचे सासरे लखुजी जाधवराव त्यापूर्वीच मोगलांना मिळाले होते. हितसंबंधांनी बांधलेली माणसे हितसंबंध बदलताच दूर जात, हेही या राज्याचे वास्तव होते.

मे १६२६ मध्ये सुमारे ऐंशी वर्षांच्या वयात मलिक अंबर मृत्यू पावला. त्याची कबर खुलताबाद येथे आहे. आयुष्यभर त्याच्याशी वैर करणाऱ्या मोगलांच्या इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूची नोंद करताना युद्धकौशल्य आणि राज्यकारभार यांत त्याला तोड नव्हती, हे मान्य केले. शिवाजी महाराजांच्या आश्रयाने कवींद्र परमानंद यांनी रचलेल्या शिवभारत या संस्कृत काव्यातही भातवडीच्या वर्णनात अंबराचा उल्लेख पराक्रमी पुरुष म्हणून आदराने येतो. त्याच्यानंतर दहा वर्षांच्या आत, १६३६ मध्ये, निजामशाहीचा शेवट झाला.

८. समारोप

मलिक अंबर दख्खनी झाला तो आपले मूळ पुसून नव्हे. तो हबशीच राहिला आणि मुसलमानच राहिला. त्याने येथील जमीन, पाणी, गावगाडा आणि माणसे यांच्याशी आपले भवितव्य बांधून घेतले. दुसऱ्या बाजूने येथील समाजानेही त्याची व्यवस्था स्वीकारली, त्याच्या फौजेत स्वार दिले आणि त्याचे नाव आपल्या साऱ्याच्या पद्धतीला दिले. सामावून घेणे ही अशी दुहेरी क्रिया असते. मात्र ही स्वीकृती सहज मिळाली नाही. एका गुलामाला आपलेसे म्हणवून घेण्यासाठी राज्य वाचवावे लागले; सामान्य माणसाकडून कोणताही समाज एवढी किंमत मागू शकत नाही. परक्याविषयीची भीती कर्तृत्वामुळे कमी होते, पण संपत नाही, हे जहांगिराच्या चित्रावरून दिसते. म्हणून परका आपला केव्हा होतो, या प्रश्नाबरोबरच आपण त्याला केव्हा आपला मानतो, हा प्रश्नही विचारावा लागतो.

स्वाध्याय

१. दख्खनी आणि अफाकी यांच्यातील वादाची कारणे लिहा.
२. मलिक अंबराच्या महसूल व्यवस्थेत गावाच्या जुन्या रचनेला कोणते स्थान होते, ते सांगा.
३. आपल्या गावात किंवा तालुक्यात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या समाजाची माहिती मिळवा. त्यांनी काय टिकवले, काय बदलले आणि त्यांच्यामुळे गावात काय बदलले, यावर दोनशे शब्दांत टिपण लिहा.