पडद्यावरचे प्राणी आणि त्र्यंबकचा धुंडिराज : दादासाहेब फाळके यांची जीवनकथा



मुलांच्या हातात मोबाईल पडला की ती सगळ्यात आधी काय बघतात? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं, मांजर. मांजर उडी मारतंय, मांजर पडतंय, मांजर आरशातल्या मांजरावर गुरगुरतंय. आपण लहानपणी ‘टॉम अँड जेरी’ बघितलं, ते १९४० सालापासूनचं. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, फेलिक्स नावाचं काळं मांजर मूकपटांतून जगभर गाजलं होतं. आणखी मागे गेलो तर १८९४ साली एडिसनच्या स्टुडिओत मुष्टियुद्ध खेळणाऱ्या दोन मांजरांचं चित्रण झालं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञाने उंचावरून सोडलेलं मांजर हवेत वळून बरोबर चार पायांवर कसं उतरतं, ते एकापाठोपाठ एक छायाचित्रं घेऊन दाखवलं.

म्हणजे वाघाची मावशी पडद्यावर आली ती सिनेमाच्या जन्मासोबतच. कारण सोपं आहे. सिनेमा म्हणजे हलणारं चित्र, आणि प्राण्यांइतकं मनमोकळं कोण हलतं?

आपल्याकडेही तसंच झालं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं आणि त्याच सुमारास शिकवलेल्या माकडांच्या खेळाचंही. आणि ज्यांना आपण भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो, त्या आपल्या नाशिक जिल्ह्याच्या सुपुत्राला सिनेमाची ओढ लागली तीसुद्धा प्राण्यांचा एक चित्रपट पाहूनच. ती गोष्ट मुलांना सांगता यावी म्हणून हा पाठ.

त्र्यंबक ते बडोदा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर इथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान, आईचं नाव द्वारकाबाई. घरात पूजापाठ, पुराणं, कथा-कीर्तनं यांचं वातावरण. राम, कृष्ण, हरिश्चंद्र ही मंडळी धुंडिराजाला घरच्यासारखीच. पुढे वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईला आलं.

मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. नंतर थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात शिकला. तैलचित्रं, जलरंग, मूर्तिकाम, छायाचित्रण, जे दिसेल ते शिकायचं. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी या विद्यार्थ्याची धडपड ओळखली, त्याला फोटोचा स्टुडिओ वापरू दिला आणि पुढे ठसे तयार करण्याचं तंत्र शिकायला रतलामला पाठवलं. शिक्षकमित्रांनो, ही जागा वर्गात सांगताना जरा थांबा. एका शिक्षकाने किल्ली दिली म्हणून एक दार उघडलं.

धंदा बसला, घर मोडलं, पण शिकणं थांबलं नाही

फाळक्यांनी गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून व्यवसाय सुरू केला. १९०० च्या सुमारास प्लेगची साथ आली. त्यांची पत्नी आणि मूल त्या साथीत गेले. खचलेला माणूस बडोद्याला परतला. तिथे फोटोचा धंदा चालेना. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी लोकांची समजूत होती. मग त्यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ नावाने जादूचे प्रयोगही केले.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वतीबाई झाल्या. हे नाव मुलांना लक्षात ठेवायला सांगा, कारण पुढची गोष्ट या दोघांची आहे.

पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशाकार म्हणून त्यांना नोकरी लागली होती. ती सोडून फाळक्यांनी छपाईचा व्यवसाय काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं. पुढे दादरला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ उभं राहिलं, रंगीत छपाईची यंत्रं पाहायला ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला, पण भागीदारांशी पटेना. शेवटी त्यांनी तोही सोडला. वय चाळिशीचं, हाताला काम नाही, घरात मुलं.

एप्रिल १९११ : प्राणी बघायला गेले आणि...

१४ एप्रिल १९११. फाळके थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. चित्रपट होता ‘अमेझिंग ॲनिमल्स’. पडद्यावर चक्क जिवंत प्राणी फिरताना पाहून पोरगं हरखून गेलं. घरी येऊन त्याने आईला सगळं सांगितलं. पण पांढऱ्या कापडावर जनावरं चालतात यावर घरातल्या कुणाचाच विश्वास बसेना.

आता आपण असतो तर काय केलं असतं? पोरगं काहीतरी बरळतंय म्हणून सोडून दिलं असतं. फाळक्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबालाच थिएटरात नेलं. ईस्टरचे दिवस होते, त्यामुळे प्राण्यांच्या ऐवजी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो बघता बघता फाळक्यांच्या मनात विचार आला की, पडद्यावर येशू दिसू शकतो, तर आपले राम आणि कृष्ण का नाही दिसणार?

बस, त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. पण हे नुसतं वेड नव्हतं, अभ्यास होता. मिळेल तो चित्रपट पाहायचा. चित्रपटाच्या साहित्याच्या सूचीपत्रकांचा ढीग मागवायचा. खेळण्यातला छोटा कॅमेरा आणून मेणबत्ती आणि भिंगाच्या मदतीने घरच्या भिंतीवर चित्रं पाडायची. झोप जेमतेम काही तास. या काळात त्यांची दृष्टी इतकी अधू झाली की जवळजवळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार वेगवेगळ्या चष्म्यांनी डोळे वाचले.

लंडन, वाटाणा आणि विम्याची पॉलिसी

चित्रपट बनवायचा तर कॅमेरा हवा आणि कॅमेरा मिळणार लंडनला. पैसा कुठून आणायचा? फाळक्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ ला बोटीत बसले. लंडनमध्ये त्यांना ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक भेटले. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत सगळं काम आतून पाहायला मिळालं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन दोन महिन्यांत ते परतलेही.

भांडवल घालायला मात्र कुणी तयार नव्हतं. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. महिनाभर थोडं थोडं चित्रण करत राहिले. तयार झाला मिनिटभराचा चित्रपट, ‘अंकुराची वाढ’. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढत जातो, आणि हे सगळं काही क्षणांत! प्राणी हलतात हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण झाडही हलतं हे त्यांनी डोळ्यांना दाखवलं. तो पाहून पैसे देणारे तयार झाले. उरलेल्या गरजेला सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले.

हरिश्चंद्राची फॅक्टरी

दादरच्या घरीच कारखाना सुरू झाला. सिनेमात काम करणं तेव्हा कमीपणाचं मानलं जाई, म्हणून नटांनी कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगायचं, अशी सूचनाच होती. बायका तर कामाला तयारच नव्हत्या. शेवटी एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, आणि प्राणी बघून हरखलेला तो भालचंद्र रोहिदास झाला.

आणि सरस्वतीबाई? सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करायच्या. चित्रणाच्या वेळी ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायला मदत करायच्या. जरा हिशेब करू. एक फूट फिल्ममध्ये १६ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना मिळून आठ भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती ३७०० फूट. म्हणजे ५९,२०० चौकटी आणि पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं! पुस्तकात त्यांचं नाव एका ओळीत येतं किंवा येतही नाही, म्हणून हा हिशेब मुलांकडूनच करून घ्या.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि लोकांनी गर्दी केली. त्याच्या आधी, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ आला होता, हेही मुलांना जरूर सांगावं. पण ते नाटकाचं चित्रण होतं आणि कॅमेरामनही परदेशी होता. फाळक्यांनी लेखनापासून फिल्म धुण्यापर्यंत सारं इथेच केलं, हा फरक.

नाशिक : नाग आणि वानर पडद्यावर

यशानंतर फाळके मुंबईत रमले नाहीत. १९१३ मध्येच ते नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं आणि पडद्यावर प्रथमच स्त्रिया आल्या. १९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून काम करण्याची संधी चालून आली होती, ती नाकारून ते परतले. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पैशांची ओढाताण पुन्हा मानगुटीवर बसली.

१९१७ मध्ये आला ‘लंकादहन’. यात अण्णा साळुंके रामही झाले आणि सीताही. पण पोरासोरांना वेड लावलं ते हनुमानाने. त्याचं आकाशातलं उड्डाण आणि पेटलेली लंका पाहायला थिएटरबाहेर झुंबड उडायची. तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं आजही सांगितलं जातं. पुढच्या वर्षी नाशिकला ‘हिंदुस्तान फिल्म कंपनी’ सुरू झाली. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची चिमुरडी लेक मंदाकिनी कृष्ण झाली आणि कालिया नागाच्या फण्यावर नाचली. ज्या वर्षी तिकडे फेलिक्स मांजर जन्मलं, त्याच वर्षी इकडे हा नाग! फाळक्यांची जादूगिरी, मूर्तिकाम, पडदे रंगवणं, छायाचित्रण, सगळं शिकलेलं इथे एकत्र आलं. वाया काहीच गेलं नव्हतं.

शेवटचा काळ

भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काही काळ काशीला जाऊन राहिले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. १९२२ मध्ये परत नाशिकला आले. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटाचा जमाना सरला. ‘सेतुबंधन’ आणि १९३७ चा ‘गंगावतरण’ हे त्यांचे शेवटचे मोठे प्रयत्न. नंतरची वर्षं नाशिकमध्येच गेली, गाजावाजाशिवाय आणि ओढगस्तीत. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचं नाशिकला निधन झालं.

नव्वदहून अधिक चित्रपट करणाऱ्या या माणसाचे आज मोजकेच तुकडे शिल्लक आहेत. बाकी फिल्म जळाली, सडली, हरवली. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पण ज्यांच्या नावाने एवढा मान दिला जातो, त्यांचं काम मात्र आपण जपू शकलो नाही, हेही मुलांना कळायला हवं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. आपला ‘अंकुर’ : कुंडीत वाटाणा किंवा मटकी पेरा. मोबाईल रोज त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून दिवसातून तीन फोटो काढा. १५ दिवसांत ४५ फोटो होतील. सेकंदाला पाच या वेगाने दाखवले तर नऊ सेकंदांचा चित्रपट तयार!

२. पळणारं मांजर : जुन्या वहीच्या कोपऱ्यावर २० पानांत थोड्या थोड्या फरकाने मांजर काढा आणि पानं भराभर सोडा. चित्र कसं ‘हलतं’ ते मुलांनाच शोधू द्या.

३. चर्चा : स्वतःच्या विम्याच्या पॉलिसी आणि पत्नीचे दागिने पणाला लावून केलेलं धाडस बरोबर की चूक? दोन्ही बाजूंनी बोलू द्या. लगेच निकाल देऊ नका. सरस्वतीबाईंच्या जागी उभं राहूनही विचार करायला सांगा.

४. सहल आणि चित्रपट : नाशिककरांनी फाळके स्मारकाची सहल काढावी. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) मोठ्या वर्गांना आवर्जून दाखवावा.

५. पालकांसाठी : पुढच्या वेळी मूल मोबाईलवरचं मांजर दाखवायला आलं, तर दोन मिनिटं सोबत बसून बघा आणि एकच प्रश्न विचारा : हे कसं बनवलं असेल रे? उत्तर तुम्हालाही माहीत नसेल तर दोघं मिळून शोधा.