बॉब मार्लीचे शिखर कोणी ठरवायचे?

११ मे हा बॉब मार्लीचा स्मृतिदिन. १९८१ साली याच दिवशी अमेरिकेतील मायामी शहरात तो वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. आज त्याचा जटाधारी चेहरा गोव्याच्या किनाऱ्यावरील दुकानांत टी-शर्टवर टांगलेला असतो. तो टी-शर्ट अंगात घातलेल्या पोराला विचारा, की हा माणूस कोण? गांजा, समुद्र आणि मौजमजा, यापलीकडे त्याला फारसे काही सांगता येणार नाही.

दोष त्या पोराचा नाही. मार्लीच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९८४ साली, आयलंड रेकॉर्ड्स या लंडनच्या कंपनीने 'लेजंड' नावाचा निवडक गाण्यांचा अल्बम काढला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डेव्ह रॉबिन्सन यांनी बाजाराचा कानोसा घेतला आणि गोऱ्या मध्यमवर्गीय ग्राहकाला बोचणार नाही असा मार्ली त्यात बसवला. एकूण १४ गाणी. त्यातली पाच एकट्या 'एक्सोडस'मधली, दोन 'काया'मधली. 'गेट अप, स्टँड अप' आहे, हे मान्य. पण १९७९ च्या 'सर्व्हायव्हल' या अल्बममधले एकही गाणे नाही. 'वॉर' नाही. या अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्या आणि जगाला मार्ली भेटला तो याच दारातून.

मार्लीचा सर्वोत्तम काळ कोणता, हा संगीताच्या जाणकारांतला जुना वाद आहे. वाद दिसतो सुरांचा, पण त्याच्या पोटात दुसराच प्रश्न दडलेला आहे. शोषितांच्या कलावंताची उंची कोणाच्या पट्टीने मोजायची? त्यासाठी त्याचे आयुष्य पाहावे लागते.

६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैका बेटावरील सेंट ॲन जिल्ह्यात, नाइन माइल नावाच्या डोंगरी खेड्यात त्याचा जन्म झाला. काळ्यांच्या स्वाभिमानाचे नेते मार्कस गार्वी याच जिल्ह्यातले, हे ध्यानात ठेवावे. आई सेडेला काळी, वयाने अगदी पोरसवदा. बाप नॉर्व्हल मार्ली गोरा, वयस्कर, आणि घरी जवळजवळ कधीच नसलेला. गोऱ्यांना तो काळा आणि काळ्यांच्या गल्लीत गोऱ्याचा पोर. आईबरोबर तो राजधानी किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन या गरिबांच्या वस्तीत आला. तिथे काही काळ वेल्डिंगचे काम शिकला. गाणे मात्र तो शिकला ते जो हिग्ज या गायकाकडून. हा माणूस त्याच वस्तीतल्या अंगणात पोरांना गोळा करून सूर आणि आवाजाची साथसंगत घोटून घेत असे. अशा गुरूंची नावे इतिहासात बारीक अक्षरांत छापली जातात.

१९६२ मध्ये मार्लीची पहिली तबकडी निघाली. १९६३ मध्ये पीटर टॉश, बनी लिव्हिंग्स्टन आणि इतर सोबत्यांसह 'वेलर्स' हा गट उभा राहिला. स्टुडिओ वनच्या क्लेमंट डॉड यांनी त्यांचे 'सिमर डाऊन' ध्वनिमुद्रित केले आणि १९६४ च्या आरंभी ते जमैकाभर गाजले. वस्तीतल्या भडकलेल्या तरुणांना शांत व्हा म्हणणारे हे गाणे त्याच वस्तीतल्या तरुणाने गायलेले होते. प्रसिद्धी मिळाली, पैसा मात्र फारसा हाती आला नाही. १९६६ मध्ये रीटा अँडरसनशी लग्न करून तो लगेच अमेरिकेत डेलावेअरला आईकडे गेला आणि काही महिने मजुरी करून परतला.

आता वादातला पहिला पक्ष. जमैकातल्या जुन्या रसिकांना विचाराल तर ते १९७० आणि १९७१ ही दोन वर्षे सांगतील. तेव्हा ली 'स्क्रॅच' पेरी हा विलक्षण निर्माता वेलर्सबरोबर होता. ॲस्टन आणि कार्लटन या बॅरेट बंधूंचे बास आणि ड्रम मार्लीला याच काळात लाभले. 'स्मॉल ॲक्स', 'डप्पी काँकरर' ही गाणी तेव्हाची. वाद्ये मोजकी, आवाज उघडा, तीन गळ्यांची एकमेकांत गुंतलेली साथ, आणि समोरचा श्रोता आपलाच. पुढे पैशावरून बिनसले. निव्वळ संगीत म्हणून पाहिले तर या पक्षाची बाजू मला सर्वांत भक्कम वाटते. मार्लीचा आवाज इतका मोकळा नंतर क्वचितच लागला.

१९७२ मध्ये आयलंडचे मालक ख्रिस ब्लॅकवेल भेटले आणि १९७३ मध्ये 'कॅच अ फायर' आला. किंग्स्टनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांवर लंडनमध्ये गोऱ्या वादकांची रॉक गिटार आणि कीबोर्ड चढवण्यात आले, म्हणजे परदेशी कानाला ते परके वाटू नये. २००१ साली मूळ आणि सजवलेली अशी दोन्ही रूपे एकत्र प्रसिद्ध झाली. ज्याला शंका असेल त्याने दोन्ही ऐकावीत. मूळ रूपातला बास पोटात घुमतो. सजावटीने गाणी बिघडली, असे मी म्हणणार नाही. पण गाणे कोणासाठी दुरुस्त केले गेले, हे कानाला कळते. त्याच वर्षी 'बर्निन' आला. त्यातले 'आय शॉट द शेरीफ' एरिक क्लॅप्टनने गायले आणि १९७४ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. याच क्लॅप्टनने १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून काळ्या-सावळ्या स्थलांतरितांना देशाबाहेर घालवण्याची भाषा केली. गाणे हवे, गाणाऱ्याची जमात नको! असो.

टॉश आणि बनी बाहेर पडले. रीटा, मार्शिया ग्रिफिथ्स आणि ज्युडी मोवॅट या तिघींचे 'आय-थ्रीज' साथीला आले. १९७६ च्या 'रास्तामन व्हायब्रेशन'ने अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहांत जागा मिळवली. त्यातले 'वॉर' हे गाणे इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांनी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात वर्णभेदाविरुद्ध केलेल्या भाषणावर उभे आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. रास्ताफारी पंथ या सम्राटाला देव मानी आणि मार्लीही मानी. १९७४ मध्ये हा सम्राट पदच्युत झाला, त्याआधी त्याच्याच राज्यात वोलो प्रांतातली माणसे दुष्काळात अन्नावाचून मेली होती. माणसाचा देव केला की असे प्रश्न गिळावे लागतात. मार्लीच्या विद्रोहातली ही कच्ची बाजू आहे आणि त्याच्या चाहत्यांनी ती झाकू नये.

३ डिसेंबर १९७६ च्या रात्री किंग्स्टनमधील होप रोडवरच्या त्याच्या घरात बंदूकधारी घुसले. जमैकातल्या दोन पक्षांच्या टोळ्यांचे युद्ध तेव्हा ऐन निवडणुकीच्या तोंडावर पेटलेले होते. मार्लीच्या छातीला आणि दंडाला गोळी चाटून गेली. रीटा आणि व्यवस्थापक डॉन टेलर जखमी झाले. दोनच दिवसांनी मार्ली ठरलेल्या जाहीर कार्यक्रमात गायला आणि नंतर देश सोडून लंडनला गेला.

तिथे १९७७ मध्ये 'एक्सोडस' घडला, आणि हाच वादातला दुसरा पक्ष. 'टाइम' साप्ताहिकाने १९९९ मध्ये शतकातला सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याचीच निवड केली. पण तबकडी हातात घेऊन पाहा. पहिल्या बाजूला 'गिल्टिनेस', 'द हीदन', 'एक्सोडस' अशी जळती गाणी आहेत. दुसऱ्या बाजूला प्रेमाची आणि दिलाशाची. 'लेजंड'मध्ये गेलेल्या पाचपैकी चार गाणी दुसऱ्या बाजूची आहेत. म्हणजे ज्याला शिखर म्हणायचे, त्याचाही निम्मा भाग कापून दाखवला गेला. १९७८ चा 'काया' तर सगळाच मवाळ, आणि मार्ली थंडावला अशी टीका तेव्हा झालीही.

माझा कौल तिसऱ्या पक्षाला. १९७८ च्या एप्रिलमध्ये मार्ली मायदेशी परतला आणि किंग्स्टनच्या रंगमंचावर पंतप्रधान मायकल मॅन्ली आणि विरोधी नेते एडवर्ड सियागा यांचे हात त्याने एकत्र धरायला लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो इथिओपियाला जाऊन आला. ऑक्टोबर १९७९ मध्ये 'सर्व्हायव्हल' आला. मुखपृष्ठावर आफ्रिकी राष्ट्रांचे ध्वज, आणि नावाच्या पट्टीत गुलामांच्या जहाजाचा नकाशा, ज्यात माणसे मालासारखी रचलेली दिसतात. त्यात 'आफ्रिका युनाइट' आहे, 'झिंबाब्वे' आहे. अमेरिकेच्या यादीत हा अल्बम पहिल्या पन्नासातही आला नाही. त्याच महिन्यात मार्ली न्यूयॉर्कच्या हार्लेममधील अपोलो थिएटरात गायला. आपल्या कार्यक्रमांना गोरी तरुणाई येते, अमेरिकेतला काळा माणूस येत नाही, ही खंत त्याला होती. गोऱ्या जगात नाव झाल्यावर तो आपल्या माणसांचा पत्ता शोधत निघाला होता.

१७ एप्रिल १९८० च्या रात्री ऱ्होडेशियाचे झिंबाब्वे झाले. सॉल्सबरीच्या, म्हणजे आजच्या हरारेच्या, रुफारो मैदानावर मार्लीला पाचारण होते. ध्वनियंत्रणा आणण्याचा खर्च त्याने स्वतः सोसला. आत पाहुणे, राजपुत्र, राष्ट्रप्रमुख. ज्यांनी हे स्वातंत्र्य रक्त सांडून मिळवले ती जनता फाटकाबाहेर. गर्दी आत घुसू लागली तसा पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो धूर थेट रंगमंचावर आला. कार्यक्रम थांबला, पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मार्ली त्याच मैदानावर सामान्य जनतेसाठी पुन्हा गायला. त्याच राष्ट्रावर पुढे मुगाबे यांची जुलमी सत्ता २०१७ पर्यंत बसली, म्हणून ते गाणे खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. गाणे जनतेचे होते, खुर्चीचे नव्हते.

त्याच वर्षी 'अपरायझिंग' आला. त्याच्या शेवटी 'रिडेम्प्शन साँग' आहे. ना बास, ना ड्रम, फक्त एक गिटार आणि एक गळा. मनाच्या गुलामगिरीविषयीचे त्यातले शब्द गार्वींच्या १९३७ च्या भाषणातून आलेले आहेत. सेंट ॲनमधला एक माणूस बोलला, चाळीसहून अधिक वर्षांनी तिथलाच दुसरा गायला. 'लेजंड'वाल्यांनी हे गाणे मात्र घेतले, बहुधा त्याच्या संथ चालीमुळे!

पायाच्या अंगठ्यातला कर्करोग १९७७ मध्येच कळला होता. अंगठा कापायला मार्लीने नकार दिला. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला. रोग सर्वांगात पसरला आहे हे कळल्यावरही २३ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये तो पूर्ण कार्यक्रम गायला. तो त्याचा शेवटचा. 'सर्व्हायव्हल' आणि 'अपरायझिंग'च्या मालिकेतला तिसरा अल्बम, 'कन्फ्रंटेशन', त्याच्या मृत्यूनंतर १९८३ मध्ये उरल्यासुरल्या ध्वनिमुद्रणांतून जुळवावा लागला.