ज्याचा आकडा चुकला, त्याचंच नाव राहिलं : प्वासाँ यांची गोष्ट

एक रबर बँड घ्या आणि ओढा. लांब होतो तसा तो बारीकही होतो, बरोबर? हे बारीक होणं किती, ते सांगणाऱ्या आकड्याला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात 'पॉयसन गुणोत्तर' म्हणतात. रबराचा हा आकडा जवळपास 0.5, स्टीलचा साधारण 0.3, तर बुचाचा जवळजवळ शून्य. आज हेल्मेट आणि संरक्षक पॅड यांच्या संशोधनात हाच आकडा मुद्दाम उणे केला जातो. पण ज्यांचं नाव त्याला मिळालं, ते कोण होते?

सिमेऑं दनी प्वासाँ यांचा जन्म 21 जून 1781 रोजी फ्रान्समधल्या पितिव्हिए गावी झाला. वडील आधी सैनिक होते, नंतर त्यांनी सरकारी नोकरी धरली. पोरानं डॉक्टर व्हावं म्हणून त्याला फाँतेनब्लोला शस्त्रवैद्य काकांकडे पाठवलं. पण त्याच्या हातात सफाईच नव्हती, त्यामुळे शस्त्रक्रियेचा नाद सोडावा लागला. मग शाळेत गणित भेटलं आणि गाडी रुळावर आली. 1798 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेत पहिला आला.

तिथेही चित्रं काढताना हात अडखळायचाच. गणित मात्र असं की, लाग्रांज आणि लाप्लास यांच्यासारखे गुरू खूश! 1806 मध्ये फूरिए यांच्या जागी ते प्राध्यापक झाले, 1812 मध्ये विज्ञान अकादमीत निवडून आले.

पहिला धक्का

1818 मध्ये फ्रेनेल यांनी प्रकाश ही लाट आहे असं मांडलं. परीक्षक मंडळातल्या प्वासाँ यांना ते पटेना. त्यांनी फ्रेनेलचंच गणित पुढे नेलं आणि दाखवलं की, तसं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा. असं कुठे असतं का? अरागो यांनी प्रयोग केला. ठिपका खरंच होता! गणित बिनचूक, अंदाज चुकीचा.

दुसरी चूक, जी त्यांनी पाहिली नाही

1828 च्या सुमारास ते लवचिक पदार्थांकडे वळले. पदार्थ म्हणजे एकमेकांना ओढणारे-ढकलणारे सूक्ष्म कण, असं त्यांनी धरलं. त्यातून दोन मोठ्या गोष्टी निघाल्या. एक, घन पदार्थातून दोन वेगवेगळ्या वेगांच्या लाटा जातात. भूकंपशास्त्राला पुढे हे फार उपयोगी पडलं. दुसरी, सगळ्या दिशांना सारख्या असलेल्या प्रत्येक पदार्थात आडवं आकुंचन लांबीतल्या वाढीच्या नेमकं एक चतुर्थांश असतं. पदार्थ कोणताही असो, आकडा एकच!

25 एप्रिल 1840 रोजी सो इथे प्वासाँ वारले. 1848 मध्ये वेर्थहाइम यांनी काच आणि पितळ मोजून पाहिलं, तर आकडा एक तृतीयांशाजवळ आला. हळूहळू स्पष्ट झालं की प्रत्येक पदार्थाचा आकडा वेगळा असतो. अशा पदार्थांत तो उणे 1 पासून 0.5 पर्यंत कुठेही असू शकतो.

मग उणे आकडा म्हणजे काय?

ओढल्यावर जाड होणारा आणि दाबल्यावर आक्रसणारा पदार्थ. 1987 मध्ये रॉडरिक लेक्स यांनी असा फोम बनवून दाखवला. 1991 मध्ये अशा पदार्थांना 'ऑक्झेटिक' हे नाव मिळालं.

यातली युक्ती आकारात आहे. डमरूसारख्या, कंबर आत गेलेल्या घरांची जाळी डोळ्यांसमोर आणा. डमरूची दोन्ही तोंडं बाहेर ओढली की तिरक्या भिंती सरळ होतात, कंबर बाहेर येते आणि जाळी रुंदावते. दाबलं की उलट होतं. साध्या फोमवर चेंडू आदळला तर माल बाजूला सरकू पाहतो. ऑक्झेटिक फोममध्ये आजूबाजूचा माल चेंडूखाली गोळा होतो, तिथे घनता वाढते. धातूच्या जाळीत भिंती वाकतात आणि धक्क्याची ऊर्जा त्या वाकण्यात खर्च होते.

अर्थात ही काही जादू नाही. जाळीत पोकळ्या असल्यानं ताठपणा कमी पडतो. शिवाय जाळी चिरडत जाते तसं गुणोत्तरही बदलतं. म्हणून संगणकावर मॉडेल करताना एकच आकडा धरून चालत नाही. प्रत्येक भिंतीचं वाकणं, एकमेकींना टेकणं आणि धक्क्याचा वेग, सगळं धरावं लागतं. नाहीतर कागदावर सुरक्षित दिसणारं हेल्मेट डोकं वाचवेलच असं नाही.

प्वासाँ यांचा एक चतुर्थांश मागे पडला, पण त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला. हात चालत नव्हता त्या माणसाचं नाव आज धक्का झेलणाऱ्या प्रत्येक मॉडेलमध्ये भरावं लागतं. पुढच्या वेळी रबर बँड ओढाल, तेव्हा त्यांची आठवण नक्की काढा!